एकट्याने काचेला सेफ्टी फिल्म लावायची तर: अख्खी शीट, दोन तुकडे की कारागीर?

परभणीत वसमत रोडला पहिल्या मजल्यावर माझी अभ्यासिका आहे. पहाटे पाचला कुलूप निघतं, रात्री अकराला लागतं. मधल्या वेळात पन्नास-साठ पोरं-पोरी मान खाली घालून बसलेली. १० जुलै २०२४ ला सकाळी सातच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचा धक्का आमच्याकडेही बसला. रस्त्याकडच्या काचा रिकामा डबा वाजावा तशा वाजल्या. फुटलं काहीच नाही. पण पोरं जिन्याकडे धावली ती नेमकी त्या काचांना खेटून. आणि त्या काचा साध्या, ५ एमएमच्या, फुटल्या तर सुरीसारखे तुकडे पडणाऱ्या.

त्या काचांना सेफ्टी फिल्म लावायचं काम व्हायला पुढचा फेब्रुवारी उजाडला, आणि बहुतेक सगळं मी एकट्याने केलं. त्यात बहादुरी काही नाही. अभ्यासिका बंद ठेवता येत नाही, म्हणून काम रात्री अकरा ते पहाटे पाच. त्या वेळेला मदतीला कोण येतंय? एकूण नऊ काचा होत्या: सरकत्या खिडक्यांचे सहा पल्ले, प्रत्येकी ३ बाय ४ फूट, रस्त्याकडच्या दोन फिक्स काचा, साडेचार फूट रुंद आणि ७ फूट उंच, अगदी जुळ्या, आणि जिन्यावरची एक, ६ बाय ५, तीही उंचावर. प्रत्येक ठिकाणी पद्धत वेगळी वापरली, काही हौसेने, काही नाइलाजाने. तुम्हीही अशाच पेचात असाल तर हा हिशेब उपयोगी पडेल.

आधी एक भ्रम काढून टाका

फिल्म लावली म्हणजे काच फुटत नाही, असं नाही. काच फुटतेच. फिल्म तिचे तुकडे धरून ठेवते, एवढंच तिचं काम. ही पॉलिएस्टरची पारदर्शक शीट असते, एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला ओरखडे न पडणारा थर, आणि गोंदावर झाकण म्हणून एक पातळ प्लास्टिक. त्याला दुकानात लायनर म्हणतात. ती साबणपाणी फवारून टेकवतात आणि खालचं पाणी वायपरने दाबून काढतात. फिल्म काचेला आतल्या बाजूने लागते. म्हणजे बाहेरून गारा आल्या तर काचेला तडे जातीलच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. फरक एवढाच, की तडकलेली काच आतल्या माणसाच्या अंगावर न येता जागच्या जागी लोंबत राहील.

भूकंपाचं नाव काढलं की आमच्याकडे लोक लगेच किल्लारीवर येतात. तिथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. काचेचा तिथे संबंध नव्हता. तेव्हा फिल्मला भूकंपाचं औषध समजू नका. घर कच्चं असेल तर पैसे भिंतीवर घाला. पण आज जालना असो की लातूर, मुख्य रस्त्यावरची दुकानं, क्लासेस, दवाखाने यांचं तोंडच काचेचं झालंय, आणि त्यातली बरीचशी काच साधी आहे. फिल्मचा विचार त्यांच्यासाठी.

आणखी एक प्रश्न मला चार जणांनी तरी विचारला: "फिल्मवर बंदी आहे ना?" ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मसाठी घातली. इमारतीच्या काचेशी तिचा संबंध नाही.

१०० की २०० मायक्रॉन

सेफ्टी म्हणून जी फिल्म मिळते ती साधारण १०० मायक्रॉन जाडीपासून पुढे (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग). दुकानदार तिला "चार मिल" म्हणतो, २०० ला "आठ मिल". एक मिल म्हणजे जवळपास २५ मायक्रॉन. ५० मायक्रॉनची फिल्म स्वस्तात मिळते. ती उन्हासाठी किंवा शोभेसाठी ठीक. काच धरून ठेवायला तिच्यावर विसंबू नका.

एकट्या माणसाच्या दृष्टीने यात एक गंमत आहे. जाड फिल्म हाताळायला अवघड असेल असं वाटतं, पण घडी पडायची भीती पातळ फिल्मलाच जास्त. २०० मायक्रॉनची शीट ताठ असते, हातात नीट उभी राहते, चुकून मुडपली तरी लगेच पांढरी रेघ धरत नाही. तिचा त्रास पुढे सुरू होतो. रोलमध्ये राहून तिला गोल व्हायची सवय लागलेली असते, कडा सारख्या उचलतात. खालचं पाणी काढताना मनगटाचा पिट्टा पडतो. आणि उरलेलं पाणी सुकायला १०० मायक्रॉनला महिनाभर पुरतो, तिथे २०० ला दोन-तीन महिनेही लागतात.

माझ्या मते अभ्यासिका, क्लास, घर यांना १०० पुरे. तळमजल्यावरचं सोन्याचं किंवा मोबाइलचं दुकान असेल, चोरीची भीती असेल, तर २००. पण मग मोठी शीट एकट्याने लावायचा नाद सोडा. मी सगळीकडे १०० वापरली, जिन्यावर तेवढी २००.

दुसरं टोक

साडेचार बाय सात फुटांची १०० मायक्रॉनची फिल्म वजनाला अर्धा किलोही भरत नाही. २०० ची धरली तरी किलोच्या आत. मग दुकानदार दोन माणसं का पाठवतो? वजनासाठी नाही. लायनर निघाला की त्या शीटच्या सगळ्या अंगाला गोंद असतो, आणि तिचं जे टोक तुमच्या हातात नाही ते जाईल तिथे चिकटतं: फरशीला, शर्टाला, बहुतेक वेळा स्वतःलाच. दुसरा माणूस ते टोक धरायला असतो. एकट्याने करायच्या सगळ्या युक्त्या म्हणजे त्या माणसाच्या जागी काहीतरी उभं करणं. कुठे फरशी, कुठे गुरुत्वाकर्षण, कुठे चिकटपट्टी. पद्धत निवडताना किंमत नंतर बघा. त्या टोकाला काय करणार, ते आधी ठरवा.

पल्ला काढून आडवा: एकट्यासाठी सगळ्यात सोपं

सरकती खिडकी असेल तर फार विचार करू नका. पल्ला वर उचलून खालच्या रुळातून बाहेर काढा. ३ बाय ४ ची ५ एमएम काच १४ किलोच्या आसपास, वर अॅल्युमिनियमची चौकट. एका माणसाला जमतं. दोन टेबलं जोडून त्यावर जाड सतरंजी अंथरा आणि पल्ला आडवा ठेवा. सतरंजी नुसती कडेला नको, काचेच्या पूर्ण अंगाखाली हवी. मध्ये पोकळी राहिली तर पाणी काढताना जोर लावाल आणि तिथेच काच तडकेल.

आडव्या काचेवर पाणी वाहून जात नाही, फिल्म घसरत नाही, हात दुखत नाहीत. माझे सहा पल्ले दोन रात्रींत झाले आणि एकही तुकडा वाया गेला नाही. एकच दोष, आडव्या काचेवर धूळ वरून पडते. पंखा बंद ठेवा, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. आमच्या अभ्यासिकेत सतरंजीचाच धागा सगळ्यात मोठा शत्रू निघाला, म्हणून दुसऱ्या रात्री तिच्यावर धुतलेली चादर टाकली.

दुसरी भानगड मापाची. माझ्या दुकानदाराकडे रोल ५ फुटी रुंदीचा होता. ६ फुटीही असतात, पण ते मागवावे लागतात. पैसे मोजायचे पूर्ण रुंदीचे. ३ फूट रुंदीचा तुकडा सरळ कापला तर बाजूची २ फुटांची पट्टी पडून राहते. तेच पल्ल्याची ४ फुटांची बाजू रोलच्या रुंदीला आडवी घातली की फक्त फूटभर वाया जातं. सहा पल्ल्यांचं गणित केलं तर सरळ कापायला २४ फूट लांब रोल लागतो, आडवं कापायला १८. कागदावर काढून बघा, मगच दुकानात जा.

अख्खी शीट उभ्या काचेवर

इथे मी एक शीट मातीत घातली. ७ फुटांची.

यूट्यूबवर दोन माणसं करतात तसं मी एकट्याने करायला गेलो. फरशीवर प्लास्टिक अंथरलं, शीट उलटी टाकली, सगळा लायनर एका दमात काढला, गोंदावर साबणपाणी मारलं आणि वरचे दोन कोपरे धरून उभा राहिलो. माझी उंची साडेपाच फूट, शीट सात फुटांची. हात डोक्यावर नेले तरी खालचा फूटभर भाग फरशीवरून फरफटत होता आणि जाता जाता सगळी धूळ गोळा करत होता. मध्ये पोट आलं म्हणून शीट मागे गेली आणि स्वतःला चिकटली. गोंदाला गोंद लागला की विषय संपला. ओढून सुटते, पण गोंदाचे ओघळ कायमचे राहतात. ३६ चौरस फूट फिल्म रात्री दीड वाजता कचऱ्यात.

दुसऱ्या रात्री वरून खाली सोडत आणली. ही पद्धत एकट्याला जमते, म्हणून ती नीट सांगतो.

शीट काचेपेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठी कापा. ५ फूट लांबीच्या दोन इंची पीव्हीसी पाइपवर ती गुंडाळा, लायनर बाहेरच्या बाजूला येईल अशी. गुंडाळी सुटू नये म्हणून दोन्ही टोकांना कपड्यांचे चिमटे लावा. काच स्वच्छ, साबणपाण्याने चिंब. आता शीटच्या वरच्या कडेचा फक्त वीतभर लायनर सोडवा, गोंदावर फवारा मारा, ती पट्टी काचेला लावा आणि वर आलेली इंचभर कड चौकटीच्या बीडिंगवर, म्हणजे काच धरणाऱ्या पट्टीवर, मास्किंग टेपने तीन-चार ठिकाणी डकवा. ही टेप म्हणजे तुमचा मदतनीस. मग वरच्या वीतभर भागातलं पाणी वायपरने मधून कडांकडे काढून टाका. तो भाग बसला की शीट लोंबकळली तरी हलत नाही.

पुढचं काम संथ. पाइप खाली स्टुलावर टेकवलेला. काच आणि फिल्म यांच्यामधून लायनर फूटभर खाली ओढायचा, उघड्या गोंदावर आणि काचेवर फवारायचं, फिल्म तळहाताने हलकेच टेकवायची, पाइप तेवढाच उलगडायचा. पुन्हा फूटभर. कोणत्याही क्षणी उघडा गोंद फूटभरच असतो, त्यामुळे चिकटायला त्याला दुसरं काही सापडत नाही. लायनर ओढताना फिल्मवर स्थिर वीज तयार होते आणि ती आजूबाजूची धूळ खेचते, म्हणून ओढणं आणि फवारणं एकामागोमाग लगेच हवं.

यात जपायची गोष्ट म्हणजे सुरुवातीची ओळ. साडेचार फुटांच्या रुंदीत वरची कड २ एमएम तिरपी बसली तर खाली सात फुटांवर शीट ३ एमएम बाजूला सरकलेली असते. म्हणून तर इंचभर जास्त कापायचं. गवंड्याचा ओळंबा लावून काचेच्या बाहेरून एक उभी रेघ मार्करने मारा आणि तिला धरून खाली या.

शेवटी कडा कापणं. नवं पातं, हलका हात, पात्याखाली जुनं एटीएम कार्ड धरून. चौकट आणि फिल्म यांच्यामध्ये अर्धा सूत ते एक सूत जागा मोकळी सोडायची. चौकटीला टेकलेली फिल्म पुढे कडेने उचलते. आणि पातं काचेवर जोरात ओढू नका. साध्या काचेवर ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याला दाखवलेली वाट. सुरक्षेसाठी फिल्म लावायची आणि लावतानाच काच कमजोर करायची, असं होऊन बसतं.

दीड तास लागला. निकाल चांगला, रेघ नाही, जोड नाही. मात्र सकाळी उन्हात तीन केस आणि एक माशीचा पाय दिसला. रात्री ट्यूबलाइटखाली काच आरसा होते, त्यात मागचं दिसत नाही. रात्री काम करणार असाल तर टॉर्च काचेला तिरपा धरून बघत जा.

तीच काच, दोन तुकडे

जुळ्यांपैकी दुसऱ्या काचेला मी मुद्दाम जोड दिला. २८ इंचांचे दोन उभे तुकडे. एवढी रुंदी दोन हातांच्या आरामात बसते. कोपरे धरायला अंग ताणावं लागत नाही, तोल जात नाही, आणि एक तुकडा बिघडला तरी नुकसान निम्मंच. पाइपसुद्धा लागला नाही. लायनर तसाच वरून खाली सोडत आणला.

जोडाचं रहस्य कापण्यात आहे. रोलच्या दोन्ही बाहेरच्या कडा कारखान्यातून यंत्राने कापून येतात, सरळ सुतासारख्या. आपण मधून कापलेली कड कितीही जपून कापा, थोडी तरी लहरते. म्हणून तुकडे लावताना अदलाबदल करायची: रोलचा डावा तुकडा काचेच्या उजवीकडे, उजवा डावीकडे. तसं केलं की कारखान्याच्या दोन्ही कडा मधोमध समोरासमोर येतात आणि आपली कापलेली कड चौकटीकडे जाते, जिथे ती पुन्हा कापायचीच आहे. एकावर एक चढवून दोन्ही थर एकदम कापायची पद्धतही लोक करतात, पण तिथे पातं थेट काचेच्या मध्यावर चालतं. ओरखड्याचं आत्ताच सांगितलं. मी तरी करणार नाही.

जोड दिसतो का? दिवसा केसाएवढा. रात्री आत दिवे असताना रस्त्यावरून जरा जास्त. पोरांनी पहिल्या आठवड्यात "सर, काच तडकली का?" असं विचारलं, नंतर कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पण ताकदीचा मुद्दा वेगळा. अख्खी शीट फुटलेली काच एका अंगाने धरते. जोड असेल तर प्रत्येक अर्धा भाग आपापले तुकडे धरतो, पण जोडावर धरायला काही नाही. आरपार तडा तिथून गेला तर काच बिजागरीसारखी दुमडू शकते. घरातली खिडकी, कपाटाची काच, बसायच्या जागेपासून लांबची काच असेल तर मी बिनधास्त जोड देईन. लोक जिच्या शेजारून धावतील त्या काचेला नाही. मला हे काम झाल्यावर सुचलं. जोडाची काच जिन्याच्या जवळची निघाली. आता तिच्यापुढे पुस्तकांचं कपाट सरकवलंय, म्हणजे वाटच तिच्यापासून दोन हात लांब गेली.

आमचं पाणी, आमचं ऊन

हे दोन्ही पद्धतींना लागू आहे. बोअरचं पाणी फवाऱ्यात घालू नका. आमच्याकडच्या बोअरला क्षार इतके, की बादलीला पांढरा थर चढतो. तोच थर फिल्मखाली कायमचा अडकेल. जारचं आरओ पाणी घ्या. लिटरला पाव चमचा बेबी शाम्पू. जास्त घातला तर गोंद धरायला वेळ लावतो, कमी घातला तर शीट टेकवताक्षणी धरते आणि मग सरकत नाही.

स्प्रेची छोटी बाटली एकट्याला फार छळते, कारण एक हात सतत तिच्या खटक्यावर. कृषी सेवा केंद्रातून दोन लिटरचा हातपंप आणा, दाब भरून ठेवायचा. बटण दाबलं की धार सुरू, दुसरा हात फिल्मला मोकळा. पण नवाच घ्या. शेतातला, तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी या कामाला आणू नका.

महिना कोणता? एप्रिल-मे तर नकोच. पारा ४० च्या वर असतो तेव्हा साबणपाणी तुम्ही खाली पोचायच्या आत वर वाळलेलं असतं. वीतभर भागात गोंदाने काच धरली की शीट ना वर ना खाली. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा किती उतरला याच्या बातम्या येतात, कृषी विद्यापीठातल्या नोंदीसकट. तेवढ्या गारठ्यात गोंद सुस्तावतो आणि पाणी सुकता सुकत नाही. पावसाळ्यात हवाच ओली. फेब्रुवारी, नाहीतर दिवाळीच्या आसपासचे दिवस. काच उन्हात तापलेली नसावी एवढं पाहा.

लावल्यावर पहिले काही दिवस फिल्म धुरकट दिसते, बारीक पाण्याचे फोड दिसतात. घाबरून सुईने टोचू नका, ते पाणी आपोआप जातं. हवेचा फुगा आणि कचऱ्याचा उंचवटा मात्र राहतो. महिनाभर काच पुसायची नाही, हे झाडलोट करणाऱ्या मावशींना आधीच सांगा. मी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी एका पल्ल्याचा कोपरा उचलला गेला होता.

आत तारेची जाळी असलेली काच, आधीच तडा गेलेली काच आणि बाथरूमला असते तशी खडबडीत काच या तिन्हींना फिल्म लावू नका. पहिलीवर तापमानाच्या ताणाने तडे जायची भीती, तिसरीला ती धरतच नाही. रंगीत, ऊन अडवणारी फिल्म हवी असेल तर काचेची जाडी आणि तिच्यावर पडणारी सावली दुकानदाराला सांगा. अर्धी काच उन्हात तापून अर्धी गार राहिली की साधी काच नुसत्या तेवढ्यानेही तडकू शकते. पारदर्शक फिल्मला हा धोका कमी.

कारागीर

जिन्यावरची काच मी सोडून दिली. तिथे लाकडी घोडा उभा करून वर चढल्याशिवाय हात पोचत नाही. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "काका, बाकीच्या एकट्यानं कामून केल्या? पोरं पाठवली असती की." रात्री अकराला पाठवली असतीस का, विचारल्यावर हसला. पोरं आली ती रविवारी दुपारी, अभ्यासिका अर्धी रिकामी असताना.

कारागीर निवडताना एक बघा. गाड्यांना फिल्म लावणारा माणूस हुशार असतो, पण त्याचा हात पातळ फिल्मला आणि गोलाईच्या काचेला बसलेला असतो, हीट गनने शेकून बसवायला. सपाट, मोठी, जाड शीट हे वेगळं काम. आधी कुठे १०० किंवा २०० मायक्रॉनची लावली आहे ते विचारा आणि जाऊन बघा. कडा किती सोडल्यात, कोपऱ्यात फोड आहेत का, एवढं दोन मिनिटांत कळतं.

मजुरी चौरस फुटावर सांगतात, पण लहान कामाला किमान एक रक्कम लावतात. म्हणून एकाच काचेसाठी बोलावणं महाग पडतं. पाच-सहा काचा असतील तर माझ्यासारखी वाया गेलेली शीट धरून एकट्याचं काम फारसं स्वस्त राहत नाही, हे मला हिशेब मांडल्यावर कळलं. सुटतो तो मुख्यतः वेळेचा प्रश्न: तुमच्या सोयीच्या वेळी काम होतं.

उंचीसाठी माझा नियम असा. पाय जमिनीवर किंवा फार तर फूटभर उंच पाटावर ठेवून वरची कड हाताला लागत असेल, आणि रुंदी दोन हात सैल पसरून धरता येत असेल, म्हणजे साधारण ४ फूट, तर एकट्याने अख्खी शीट लावा. रुंदी त्याहून जास्त पण उंची हाताच्या आत, तर पाइपची पद्धत किंवा जोड. शिडी लागत असेल तर रुंदी कितीही कमी असो, एकट्याने नाही. ओली फरशी, साबणपाणी, हातात पातं आणि शिडी हे एकत्र येऊ देऊ नका.

काचच बदलावी का?

बांधकाम सुरू असेल तर हो. सरळ टफन किंवा लॅमिनेटेड काच घ्या. टफन फुटली तर खड्यांसारखे बोथट तुकडे होतात. पण ती भट्टीतून आल्यावर कापता येत नाही, माप चुकलं की काच गेली. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांमध्ये चिवट थर, फिल्मचंच काम कारखान्यात झालेलं आणि अधिक पक्कं. बसलेल्या काचेला मात्र बदलणं हा एकट्याचा विषयच नाही. माझ्या रस्त्याकडच्या एका काचेचं वजन ३६ किलो, ती पहिल्या मजल्यावरून उतरवायची आणि दुसरी चढवायची.

फिल्म लावल्यावर एक काम उरतं, जे बहुतेक लोक सोडून देतात. फिल्म फक्त काचेला चिकटलेली असते, चौकटीला नाही. काच फुटली की सगळे तुकडे फिल्मसकट एका घोंगडीसारखे चौकटीतून निघून खाली येऊ शकतात. यासाठी फिल्मची कड आणि चौकट यांच्यामध्ये स्ट्रक्चरल सिलिकॉनची पट्टी भरतात. हे गन घेऊन एकटा माणूस आरामात करतो. फक्त फिल्मखालचं पाणी पूर्ण सुकल्यावर, म्हणजे १०० मायक्रॉनला महिन्याभराने. रस्त्याकडच्या दोन काचांना मी मार्चअखेरीला भरलं.

जिन्यावरची काच त्या दोन पोरांनी चाळीस मिनिटांत उरकली. मी खाली बसून बघत होतो. एक जण घोड्यावर उभा राहून फवारत होता, वायपर मारत होता, कापत होता. दुसरा पूर्ण वेळ शीटची खालची कड दोन बोटांत धरून उभा होता, आणि दुसऱ्या हाताने मोबाइल बघत होता.